लघवीचा संसर्ग आणि कार्डावरचा रक्तगट

‘बी गटाच्या बायकांना उन्हाळी लवकर लागते’ हा समज अगदीच हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो चिवट आहे. लघवीच्या बहुतेक संसर्गांच्या मुळाशी असलेला ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गाच्या पेशींवरच्या शर्करेच्या साखळ्यांना चिकटतो आणि रक्तगटही अशाच साखळ्यांवरून ठरतात. पण ए, बी, ओ यांच्याबद्दलचे निष्कर्ष एका पाहणीत एक, तर दुसरीत भलतेच निघाले. टिकला तो वेगळाच धागा. काहींच्या लाळेत आणि इतर स्रावांत रक्तगटाचे घटक उतरतात, काहींच्या नाही. ज्यांच्या उतरत नाहीत अशा, म्हणजे ‘नॉन-सिक्रेटर’ स्त्रियांमध्ये वारंवार संसर्गाचं प्रमाण जास्त असल्याचं १९८९ मध्ये अमेरिकेत दिसून आलं. त्यांच्या पेशींवर जंतूला पकडीची जागा उघडी राहते. रक्तगटाच्या कार्डावर मात्र याचा पत्ताच नसतो.

यावर कुणी बॉम्बे रक्तगटाचं उदाहरण पुढे करील, आणि ते रास्तही आहे. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेल्या या दुर्मिळ गटाची कुटुंबं सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात आढळतात. स्राव ठरवणारं एफयूटी-२ हे जनुकच भारतातल्या या गटात सहसा गळालेलं असतं. म्हणजे हे लोक जन्मतः नॉन-सिक्रेटर. तरी एरवी ते ठणठणीत असतात. त्यांचा खरा धोका रक्त चढवताना आहे: साध्या चाचणीत त्यांचा गट ‘ओ’ दिसतो, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नाही. शिवाय जगात साधारण पाचातला एक माणूस नॉन-सिक्रेटर असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना हा त्रास वारंवार होत नाही. कल असणं वेगळं, आजार होणं वेगळं.

तो कल कमी-जास्त करणाऱ्या गोष्टी रोजच्या आहेत. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असतो. त्यात मधुमेह, मुतखडा किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा यांची भर पडते. सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत हंगामात उसाच्या फडावर राबणाऱ्या बाईला आडोसा नसतो, म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून धरते. तिचा रक्तगट विचारण्याआधी फडावर संडास आहे का, हे मुकादमाला विचारायला हवं. जळजळीसोबत थंडीताप आणि कंबरेत कळ असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या.