निसर्गदर्शन हेलिकॉप्टर उड्डाणे : हवेतील टकरीचा धोका आणि प्रतिबंध

सारांश : निसर्गदर्शनासाठी होणाऱ्या उड्डाणांत हवेतील टकरीचा धोका कशामुळे वाढतो आणि तो कोणत्या उपायांनी कमी करता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. वैमानिकाची दक्षता आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. सुरक्षिततेचा पाया मार्गरचनेत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : हेलिकॉप्टर पर्यटन, हवाई टक्कर, मार्गरचना, विमानसुरक्षा.

१. प्रस्तावना

आकाश विस्तीर्ण असले तरी प्रेक्षणीय स्थळ एकच असते. त्यामुळे निसर्गदर्शनाची उड्डाणे एकाच दरीवर वा नदीपात्रावर, जवळजवळ एकाच उंचीवर आणि स्वच्छ हवामानाच्या त्याच वेळी एकत्र येतात. गर्दीचा हा प्रश्न व्यवसायाच्या स्वरूपातूनच उद्भवतो.

२. 'पाहा आणि टाळा' तत्त्वाच्या मर्यादा

अशी उड्डाणे बहुधा कमी उंचीवर, वैमानिकाच्या नजरेच्या आधारे होतात. परंतु सरळ मार्गाने व स्थिर वेगाने टकरीकडे येणारे दुसरे यान काचेत एकाच बिंदूवर स्थिर भासते. मानवी दृष्टी हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका नव्हे. आणि तो ठिपका अखेरच्या काही सेकंदांतच मोठा होतो. अमेरिकेच्या संघीय विमानन प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार यान दिसल्यापासून ते टाळण्याची कृती पूर्ण होईपर्यंत सुमारे १२.५ सेकंद लागतात. प्रत्येकी १०० नॉट वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन यानांमधील अंतर तेवढ्या काळात सुमारे १.३ किलोमीटरने घटते.

३. तीन दुर्घटनांचा बोध

१८ जून १९८६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर पर्यटकांचे विमान व हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन २५ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी एकमेकांना पाहिले नाही, एवढ्यावरच चौकशी थांबली नाही. विमान आणि हेलिकॉप्टर यांचे मार्ग एकाच ठिकाणी आणले गेले होते, हेही तीत नोंदवले गेले. त्यानंतर तेथे उड्डाणांसाठी विशेष नियम लागू झाले.

८ ऑगस्ट २००९ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर खासगी विमान व पर्यटक हेलिकॉप्टर यांच्या टकरीत ९ जण दगावले. त्याच वर्षी तेथील नियम बदलले. स्थानिक उड्डाणे १००० फुटांखाली, तर केवळ पार जाणारी उड्डाणे १००० ते १३०० फुटांदरम्यान ठेवण्यात आली. उजव्या किनाऱ्याने उडणे, १४० नॉटची वेगमर्यादा आणि ठरावीक रेडिओ लहरीवर आपले स्थान कळविणे बंधनकारक झाले.

२ जानेवारी २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे एकाच कंपनीची दोन हेलिकॉप्टरे धडकली. एक उड्डाण करीत होते, दुसरे उतरत होते. चार जण मरण पावले. एप्रिल २०२५ च्या चौकशी अहवालानुसार उड्डाण करणाऱ्या हेलिकॉप्टरच्या रेडिओ अँटेनात दोष होता. त्यामुळे त्याचा संदेश दुसऱ्यापर्यंत बहुधा पोहोचलाच नाही. शिवाय दुसरे हेलिपॅड पुन्हा सुरू केल्याने दोन मार्ग एकमेकांना छेदू लागले होते आणि तो धोका कंपनीच्या लक्षात आला नव्हता.

४. प्रतिबंधाचा क्रम

या घटनांवरून उपायांचा क्रम ठरविता येतो. प्रथम, येण्याचे व जाण्याचे मार्ग आणि उंची वेगळी ठेवून छेदनबिंदूच नाहीसा करावा. ते अशक्य असल्यास उड्डाणांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. त्यानंतर रेडिओ संदेशाला प्रत्युत्तर मिळाल्याशिवाय पुढे न जाण्याची पद्धत असावी. कारण मौनाचा अर्थ 'आकाश मोकळे आहे' असा होत नाही. यानाचे स्थान दर्शविणारी उपकरणे त्यापुढील स्तर होत. तथापि १३ मे २०१९ रोजी अलास्कातील केचिकनजवळ दोन पर्यटक विमानांच्या टकरीत ६ जण दगावले, तेव्हा दोन्हींत अशी उपकरणे होती. एकाकडून उंचीची माहिती प्रसारित न झाल्याने दुसऱ्याला इशारा मिळाला नाही. वैमानिकाची नजर हा अखेरचा स्तर होय. नवे हेलिपॅड वा नवे यान वापरात आणताना या सर्व स्तरांची फेरतपासणी व्हावी.

५. समारोप

केदारनाथच्या अरुंद दरीतील हेलिकॉप्टर वाहतूक यात्रेकरूंसाठी असली, तरी एकाच स्थळाकडे जाणाऱ्या मर्यादित मार्गांचा प्रश्न तेथेही तोच आहे. वैमानिकाला दोष देऊन चौकशी संपते, धोका संपत नाही. दोन यानांना एकमेकांना टाळावेच लागू नये, अशी रचना करणे हे नियोजनकर्त्यांचे प्रथम कर्तव्य ठरते.