लिनक्स प्रणालीवरील मराठी संहिता : प्रस्थापनेनंतरच्या अडचणी व त्यांचे निदान

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. युनिकोडची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे प्रमाणकही त्याच वर्षीचे. आजच्या लिनक्स प्रणाली युनिकोड गृहीत धरूनच रचलेल्या असतात. तरीही प्रणाली नव्याने बसविल्यावर साहित्याच्या अभ्यासकाची पहिली तक्रार बहुधा 'मराठी नीट दिसत नाही' अशीच असते. या एका तक्रारीत अनेक भिन्न दोष सामावलेले असतात. दोष संहितेच्या साठवणीत आहे, दर्शनात आहे की टंकनात आहे, हे ठरविल्यावाचून उपाय करू नये. पाठचिकित्सेत लेखनिकाचा प्रमाद आणि मूळ पाठ वेगळे करावे लागतात, तसाच हा विवेक आहे.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर संहिता बहुधा सुरक्षित असते. उणीव असते ती केवळ देवनागरी फॉन्टची. 'लोहित देवनागरी' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' बसविला की चौकोनांची अक्षरे होतात.

जुनी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसते, तेव्हा मात्र स्थिती निराळी असते. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत रोमन संकेतांवरच देवनागरी आकार बसविलेले होते. फॉन्ट नाहीसा होताच तो मुखवटा गळून पडतो. अशा फाइलला नवा युनिकोड फॉन्ट लावून उपयोग नसतो. त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकाने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. रूपांतरात जोडाक्षरे व रफार ढळण्याचा संभव असल्याने मूळ फाइल जतन करून रूपांतरित पाठ तिच्याशी ताडून पाहावा.

लिबरऑफिसमध्ये फॉन्ट बदलूनही देवनागरी मजकूर जसाच्या तसा राहतो, याचे कारण भारतीय लिप्यांसाठी तेथे स्वतंत्र फॉन्ट व स्वतंत्र भाषा निवडावी लागते. भाषा हिंदी राहिली, तर मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाने उमटू शकतात. तौलनिक लेखनात दोन्ही भाषांची अवतरणे शेजारी येतात. म्हणून प्रत्येक अवतरणाची भाषा वेगळी नोंदवावी आणि दोन्ही वळणे असलेला फॉन्ट वापरावा.

टंकनासाठी प्रणालीच्या कळफलक-विभागात मराठी इनस्क्रिप्ट जोडावा लागतो. तो लगेच दिसला नाही, तर सत्रातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. या कळफलकावर 'क' ची कळ बंगाली, तेलुगू व अन्य भारतीय लिप्यांतही तीच असते. अनेक भाषांत काम करणाऱ्यास ही मोठीच सोय आहे.

सर्वांत घातक दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठविला जातो : ऱ, हलन्त, य असा, किंवा र, हलन्त, अदृश्य जोडक-चिन्ह, य असा. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण एकाचा शोध घेतल्यास दुसरे सापडेलच असे नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एकरूप होत नाहीत. एखाद्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह गाळले, तर डोंगरांमधील दऱ्या समुद्रवाचक 'दर्या'त विलीन होतात! शब्दांच्या वारंवारितेवर शैलीविषयक निष्कर्ष काढणाऱ्या संशोधनात अशी चूक थेट निष्कर्षापर्यंत पोहोचते. यासाठी शब्दगणनेपूर्वी संपूर्ण संहितेत एकच रूप निश्चित करून घ्यावे.

तात्पर्य, प्रथम मूळ फाइलची प्रत काढावी, मग संकेत तपासावा, त्यानंतर फॉन्ट व भाषा, आणि अखेरीस कळफलक. हा क्रम उलटा झाला, तर पडदा नीटनेटका दिसेल. पण संहिता शुद्ध असल्याची खात्री त्यावरून देता येणार नाही.