आज्ञावलीच्या गुणवत्तेचे दृश्यीकरण

आज्ञावलीच्या गुणवत्तेचे दृश्यीकरण म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोडमधील गुंतागुंत, पुनरावृत्ती, सदोष परस्परावलंबन इत्यादी उणिवा चित्ररूपाने दाखवणे होय. लाखो ओळींची आज्ञावली एका व्यक्तीने वाचून तपासणे अवघड असते. दुरुस्तीस कोठून आरंभ करावा, हे ठरवण्यास अशी चित्रे साहाय्यभूत होतात.

पार्श्वभूमी

ही चित्रे मोजमापांवर आधारलेली असतात. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली चक्रीय जटिलता आज्ञावलीतील स्वतंत्र मार्गांची संख्या मोजते. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संस्थेत, आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता तिचे विश्लेषण करण्याच्या साधनांवर संशोधन झाले आहे.

प्रमुख पद्धती

* ओळचित्र : बेल प्रयोगशाळेतील सीसॉफ्ट (१९९२) या साधनात कोडची प्रत्येक ओळ एका बारीक रंगीत रेघेने दर्शवली जाते. सुमारे ५०,००० ओळी एकाच वेळी पाहता येतात. वारंवार बदललेला भाग रंगावरून ओळखू येतो.
* ट्रीमॅप : बेन श्नायडरमन यांनी संगणकाच्या डिस्कवरील जागा कशाने व्यापली हे पाहण्यासाठी ही पद्धत योजली. चौकटीचा आकार फाइलचा विस्तार, तर रंग दोषांचे प्रमाण सुचवतो.
* अवलंबनाचा आलेख व सारणी : आलेखात घटक बिंदूंनी व त्यांचे संबंध रेषांनी दाखवतात. घटक वाढल्यास रेषांचे जाळे दुर्बोध होते. सारणी मात्र वाचनीय राहते.
* नगरचित्र : रिचर्ड वेटेल व मिकेले लान्झा यांच्या कोडसिटीमध्ये प्रत्येक क्लास ही एक इमारत असते. तिची उंची मेथडची, तर पायाची रुंदी गुणधर्मांची संख्या दर्शवते. २०११ मधील प्रयोगात, नेहमीच्या साधनांच्या तुलनेत कोडसिटी वापरणाऱ्यांची उत्तरे २४ टक्के अधिक अचूक आली व वेळ १२ टक्के कमी लागला.

तुलना व मर्यादा

बदलांचा इतिहास पाहण्यास ओळचित्र, दोषांचे वितरण पाहण्यास ट्रीमॅप आणि चक्राकार अवलंबन शोधण्यास सारणी अधिक उपयुक्त ठरते. केवळ लाल-हिरव्या रंगांवर विसंबणारे चित्र रंगांधळ्या व्यक्तींना वाचता येत नाही.

चित्रात ठळक दिसणारा भाग सर्वांत धोकादायक असतोच असे नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना झालेली चूक त्यास कारणीभूत होती. अशी चूक आकाराच्या वा जटिलतेच्या मोजमापात उठून दिसत नाही. म्हणून दृश्यीकरण हे कोडवाचन व चाचणी यांना पूरक मानले जाते, पर्यायी नव्हे.