अनुदानाच्या अर्जात मोजायचं काय?

कळंबसारख्या तालुक्यात शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यावर प्रकल्प करायचाय? मग अर्जात ‘आत्महत्या कमी करू’ असं लिहू नका. तीसेक गावांत, दीड वर्षात या घटना संख्येने इतक्या थोड्या असतात, की फरक प्रकल्पामुळे पडला की योगायोगाने, हे सांगताच येत नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला ‘विश्राम’ प्रकल्प बघा. टाटा ट्रस्टच्या निधीतून ३० गावांत चालला. त्यांनी मोजलं ते हे: नैराश्य असलेल्यांपैकी किती जण उपचारासाठी गेले? आधी ४.३ टक्के, १८ महिन्यांनी २७.२. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. उणीव एकच, पण मोठी: तुलनेला दुसरी गावं नव्हती. म्हणजे वाढ प्रकल्पामुळेच झाली, असं ठाम म्हणता येत नाही. तुमच्या बजेटमध्ये त्या गावांच्या सर्वेक्षणाचाही खर्च धरा.