मुखवट्याआडची नवी पोरं

१९६२ साली आलेल्या पीटर पार्कर ऊर्फ स्पायडरमॅननंतर शाळकरी सुपरहिरो म्हटला की गोरा मुलगाच, हे समीकरण बरीच वर्षं टिकलं. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी ‘माइलस्टोन’ कंपनी काढली आणि विजेशी खेळणारा व्हर्जिल हॉकिन्स ऊर्फ ‘स्टॅटिक’ आणला. २०११ मध्ये ब्रुकलिनचा माइल्स मोरालेस स्पायडरमॅन झाला. वडील आफ्रिकन-अमेरिकन, आई पोर्तो रिकोची.

पण खरी गंमत कमला खानची. जर्सी सिटीतली ही पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ म्हणून स्वतःच्या मालिकेत उतरली. शक्ती मिळताच ती होते तिच्या लाडक्या सुपरहिरो कॅरल डॅनव्हर्ससारखी गोरी, सोनेरी केसांची. मग कळतं की ते केस तोंडावर येतात आणि तो तंग पोशाख जागोजागी काचतो! पुढे ती पोहायच्या अंगभर बुर्किनीलाच कापून-जोडून आपला पोशाख करते आणि आपल्याच चेहऱ्याने लढते. लेखिका जी. विलो विल्सन, पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार.

आपल्या मुंबईचाही एक स्पायडरमॅन आहे. २००४ मधला पवित्र प्रभाकर, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा. त्याला कोळी चावत नाही, योगी शक्ती देतो, वर धोतरही. हे जरा पर्यटनखात्याच्या जाहिरातीसारखंच! २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सिनेमात करण सोनीच्या आवाजातला पवित्र मात्र बोलका, आगाऊ आणि केसांबद्दल भलताच हळवा आहे.