हरेगावची मतमाउली

भाद्रपदात घरोघरी गौरीगणपतीची लगबग चालते, साधारण त्याच सुमारास श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची वाट पायी येणाऱ्या भाविकांनी गजबजून जाते. हाती जपमाळ, मुखी 'माउली'. पण ही वारी पंढरीची नव्हे. ८ सप्टेंबर हा येशू ख्रिस्ताची माता मरिया हिचा जन्मदिन. त्यानिमित्त तेथील संत तेरेजा चर्चमध्ये नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे विशेष प्रार्थना होतात आणि पुढे शनिवार-रविवारी मतमाउलीची यात्रा भरते. नवरात्र पाळणाऱ्या आपल्या घरांना या नऊ दिवसांचे मर्म वेगळे सांगावयास नको.

हरेगावचे मूळ वैभव उसाचे. १९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने येथे साखर कारखाना उभारला. त्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि कारखान्याच्या आश्रयाने कष्टकऱ्यांची वस्ती वाढली. जिल्ह्यात जेझुइट धर्मगुरू त्याआधीच आले होते. प्रथम जर्मन, आणि पहिल्या महायुद्धात त्यांना जावे लागल्यावर स्विस. फादर बाडर यांच्या काळात, १९४९ पासून, हरेगावास ही यात्रा भरू लागली.

परक्या भूमीतून आलेल्या या उपासनेला नाव मात्र मिळाले ते अस्सल मराठी. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी अवतरली, ते याच जिल्ह्यात. ज्ञानदेवांना 'माउली' म्हणणाऱ्या मुलखाने मरियेलाही तेच संबोधन द्यावे, यात नवल ते काय? मुंबईत वांद्र्याची मरियाही 'मोतमाउली'च आहे, आणि तिची जत्राही याच महिन्यात भरते. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तर १६१६ मध्येच आपले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून प्रसिद्ध केले होते!

पुढे काळ फिरला. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांच्या उसाच्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकांचे वंशज आपल्या जमिनींसाठी पिढ्यान्पिढ्या झगडत राहिले. साखरेचा कारखानाही कालांतराने बंद पडला. ज्या कारखान्याभोवती ही वस्ती वाढली तो थंडावला, तरी यात्रा ओसरली नाही. पोटापाण्यासाठी दूर गेलेली कुटुंबे सप्टेंबरात हरेगावी येतात, मेणबत्ती लावतात, नवस फेडतात. त्या रांगेत कपाळी कुंकू लावलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या सुवासिनीही उभ्या असतात.