जमिनीचा भाव आणि जमिनीचा वापर

चाकणकडून येणारा रस्ता पुणे–अहिल्यानगर महामार्गाला जेथे मिळतो, तेथे शिक्रापूर आहे. एका बाजूस सणसवाडी व कोरेगाव भीमा येथील कारखाने, दुसऱ्या बाजूस रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि मध्ये वेळ नदीच्या परिसरातील शेती, अशी या गावाची आजची ठेवण आहे. किराणा, भुसार व कापड यांच्या पेढ्यांवर ज्या कुटुंबांचा जम बसला, त्यांची पुढची पिढी आता गोदाम, शोरूम किंवा लहान कारखाना यांसाठी रस्त्यालगतची जागा शोधत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची शिल्लक अशा एका व्यवहारात गुंतते. म्हणूनच भाव ठरविण्यापूर्वी त्या जागेवर काय करण्यास मुभा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न खरेदीचाच असतो. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 याच्या कलम 63 अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन सामान्यतः विकत घेता येत नाही. त्यासाठी परवानगी लागते किंवा व्यवहार कायद्याने दिलेल्या सवलतीत बसावा लागतो. 2016 च्या दुरुस्तीने योजनेत निवासी, वाणिज्य वा औद्योगिक वापरासाठी दर्शविलेल्या जमिनींपुरते हे बंधन सैल केले. मात्र ठरावीक मुदतीत तो वापर सुरू करण्याची अट घातली. व्यवहार बेकायदेशीर ठरल्यास कलम 84-क नुसार जमीन शासनाकडे जाऊ शकते. दस्त नोंदला गेला म्हणजे हा धोका टळला, असे समजू नये.

दुसरा प्रश्न विभागाचा, म्हणजे झोनचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली प्रादेशिक योजना तयार होतात. पुणे प्रादेशिक योजना 1997 मध्ये मंजूर झाली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2015 मध्ये अस्तित्वात आले. त्याची प्रारूप विकास योजना 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु 2025 मध्ये शासनाने ती रद्द करण्याचा निर्णय घेतला. प्रारूपातील रंग पाहून ज्यांनी चढ्या भावाने जमिनी घेतल्या, त्यांचे गणित त्यामुळे विस्कटले. प्रारूप हा केवळ प्रस्ताव असतो. त्यावर हरकती येतात, फेरबदल होतात, प्रसंगी तो मागेही घेतला जातो. दलालाने दाखविलेल्या नकाशापेक्षा सक्षम कार्यालयातून गट क्रमांकानिशी घेतलेला झोन दाखला म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

तिसरा प्रश्न बांधकामाचा. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागास एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. शेती विभागातही शेतीशी निगडित काही वापर अटींसह चालतात. परंतु शेतमालाच्या साठवणुकीस मिळालेल्या मुभेवर कारखान्याचा सुटा माल ठेवता येईलच, असे नाही. रस्त्याची किमान रुंदी, महामार्गापासून सोडावयाचे अंतर, अग्निशमनाची व्यवस्था, अवजड वाहनांच्या वळणाची जागा या गोष्टी आधीच तपासाव्यात. महामार्गालगतच्या एका एकरातून, म्हणजे चाळीस गुंठ्यांतून, प्रत्यक्ष बांधकामास किती जागा उरते, हे कळल्यावर अनेकदा भावाचा हिशेबच बदलतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतीने घरपट्टी आकारली व नमुना 8 चा उतारा दिला, म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, असे अनेकजण मानतात. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या बाबी आहेत. विनापरवाना बांधकामावर नगररचना कायद्यान्वये ते पाडण्याची नोटीस निघू शकते, आणि दोष सिद्ध झाल्यास एक महिना ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

परिणाम कर्जाच्या वेळी अधिक बोचतो. समजा, एका कुटुंबाने शेती विभागात परवानगीविना गोदाम उभारले. भाडेकरू मिळाला, दरमहा भाडेही येऊ लागले. पुढे व्यवसाय वाढविण्यासाठी तेच गोदाम तारण देण्याची वेळ आली, की बँकेचा वकील सात-बारा, फेरफार, मालकीचा शोध अहवाल, अकृषिक वापराचा आधार आणि मंजूर नकाशा मागतो. नकाशा नसेल तर मूल्यांकन करणारा त्या इमारतीचे मूल्य धरीत नाही. अशा वेळी डोळ्यांसमोर उभी असलेली मिळकत कागदावर केवळ शेतजमीन उरते. भावाभावांत वाटणी व्हावयाची असेल, तर तंट्याचे बीजही तेथेच पडते.

औद्योगिक वसाहतीतील भूखंड महाग वाटतो आणि तो मालकीचा नसून बहुधा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, हस्तांतरासही महामंडळाची संमती लागते. तथापि तेथे वापराचा प्रश्न बव्हंशी आधीच सुटलेला असतो. दोन्ही पर्यायांची तुलना करताना हा फरक रुपयांत मांडावा.

ही बंधने निव्वळ जाच नव्हेत. शाळेशेजारी रसायनांचा साठा किंवा पाणंदीवर कंटेनरची रांग नको, ही गावाची गरज तितकीच खरी आहे. त्याचबरोबर योजना वर्षानुवर्षे अधांतरी राहिली, तर प्रामाणिक व्यापाऱ्याचे भांडवल अडकते, हेही शासनाने ध्यानी घ्यावे. तोवर इसाराची रक्कम देण्यापूर्वी झोन दाखला घ्यावा, आणि 'परवानगी न मिळाल्यास इसार परत' हे कलम करारनाम्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.